वकिलांच्या गाडीतला एक पिवळा बल्ब

शारजा, शुक्रवार, ७ जुलै २००६

अप्पा,

जयभीम. पत्र पद्माक्काच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तुम्हाला पेपरातलं अक्षर लागतं, पण माझं लागत नाही. सातवीत मास्तर म्हणायचे तेच खरं, माझं अक्षर म्हणजे चिखलातनं कोंबडी गेल्यासारखं. तर पद्माक्का, हळू वाच. जिथं मी सांगीन तिथं मनात वाच.

फोन मी चार वेळा केला. चारी वेळेला अक्का म्हणाली, "अप्पा झोपलेत." दुपारी बारा वाजता? बावीस वर्षांत मी तुम्हाला दुपारी झोपलेलं बघितलेलं नाही. कुणाच्या तरी टॅक्सीत उलटं पडून वायरी जोडताना बघितलंय. बोलायचं नसलं तर बोलायचं नाही म्हणून सांगायचं. म्हणून आता पत्र. पत्राला झोपलोय म्हणून सांगता येत नाही.

इथं मला सगळ्याची किळस येते. एका खोलीत बारा माणसं. माझ्या वरच्या पलंगावरचा माणूस शुक्रवारी पायाची नखं कापतो आणि ती माझ्या उशीवर पडतात. सांगितलं तर हसतो. डाळीच्या पातेल्यात रोज केस असतो, रोज वेगळ्या माणसाचा. पिण्याच्या पाण्याला टाकीच्या गंजाचा वास. (पद्माक्का, हे अव्वासमोर वाचू नकोस. आईच ती, तिला सांग पोराच्या खोलीत एसी आहे. एसी आहेच, त्याचं पाणी माझ्या बॅगेवर गळतं.)

काम आपलंच, ऑटो इलेक्ट्रिकचं. गॅरेजात जुन्या रेसच्या गाड्या येतात, दोन दारांच्या, नाक खाली टेकवलेल्या. बाहेरनं बघितलं तर तोंडाला पाणी सुटेल. पण आपण बघतो कुठून? डोकं पेडलपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर. परवा एका सीटखालनं मी चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, कोंबडीचं हाड आणि लाल रंग लावलेलं एक अख्खं नख काढलं. जेवताना तेच नख डोळ्यांसमोर. ताट सरकवून दिलं.

आता दुसरी गोष्ट. हुबळीच्या स्टँडवर मी तुमच्या पाया पडलो नाही आणि सगळ्यांसमोर बोललो, "स्वतःच्या बुडाखाली पेपर घालणाऱ्या माणसाच्या मी पाया पडत नाही." अव्वा रडली. काका म्हणाले, "पोरगं परदेशी चाललं की डोस्कं फिरतं." मी ते शब्द परत घेण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. उलट का बोललो ते एकदा धड सांगतो, म्हणजे काका समजतात तसं डोस्कं फिरलेलं नव्हतं हे कळेल.

चौदा एप्रिल होती. तुम्ही पांढरा शर्ट, पांढरी पँट, मिरवणुकीला निघालेले. मी केशवापूरला सुमंत वकिलांच्या त्या लाल जपानी गाडीत स्टिअरिंगपुढच्या मीटरचे बल्ब बदलत होतो. त्यांना सगळा निळा उजेड पाहिजे होता, एलईडीचा. तुम्ही जाता जाता काम बघायला आलात. वकील पायरीवर उभे. गाडीचं सीट पांढरं, कातड्याचं. आणि तुम्ही काखेतनं घडी घातलेला पेपर काढला, सीटवर पसरला, हातानं सरळ केला आणि बसलात. वकिलांनी सांगितलंही नव्हतं. तुम्ही पेपर घरनं घेऊन आला होतात! धुतलेल्या, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत!

आदल्याच दिवशी प्रभंजन बॅटरीवाला त्याच सीटवर बसलेला मी बघितला होता. पँटीला ऑइल, ढुंगणाला काळा डाग. त्याला वकील म्हणाले, "बस रे बस, गाडी बसायलाच असते." मग कातडं कुणापासनं खराब होतं हे मला कळायला कॉलेजात जायची गरज नाही.

वकिलांची किळस आली ती एक. तुमची आली ती दुसरी. दुसरीच अजून जात नाही.

वकिलांची गाडी कशी आहे? नको, सांगू नका. (पद्माक्का, तू सांग.)

यशपाल


शारजा, शुक्रवार, ८ सप्टेंबर २००६

अप्पा,

अक्काचं पत्र मिळालं. दोन पानं, त्यात दीड पान वकिलांच्या गाडीचं. अक्का झेरॉक्सच्या दुकानात बसून वायरिंगवर कादंबरी लिहायला लागलीय.

ती लिहिते, "तुझा निळा उजेड बघायला आधी लोक येत होते, आता गाडी ढकलायला येतात." म्हणजे वकील धारवाडच्या कोर्टातनं संध्याकाळी परत निघतात, नवनगरपाशी मीटरचे दिवे मंद होत जातात, मग काटे दिसेनासे होतात, आणि उणकल तळ्यापाशी गाडी मरते. तीनदा झालं. तळ्यावर फिरायला आलेली माणसं ढकलतात आणि त्यांच्याबरोबर वकीलही, काळा कोट घालून. हे वाचून मी एकटाच हसलो. वरच्या पलंगावरच्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, आमच्याकडं एक साहेब कामाला लागलाय.

पुढचं वाचून हसू गेलं. तुम्ही डायनामो दोनदा खोललात, कार्बन बदललेत, बॅटरी तपासलीत, अर्थिंगच्या वायरी नव्या ओढल्यात. तुम्ही चालू करून ॲक्सिलेटर दाबला की मीटरमधला बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा विझतो, चार्जिंग बरोबर दाखवतं, सगळं ठीक. वकील घेऊन गेले की लाल दिवा पेटलेला तो पेटलेलाच आणि बाकीचे मंद. आणि वकील प्रभंजनच्या दुकानात उभं राहून म्हणाले, "परसू असला की चालते, परसू गेला की बंद. गाडीला भूत लागलंय का परसूला काम येत नाही?" समोर टॅक्सीस्टँड. ऐकायला कान कमी नाहीत. अक्का लिहिते, आता टॅक्सीवाले वायरिंगला दुसरीकडं जातात. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या भिंतीपाशी तुम्ही पेटी उघडून बसता आणि संध्याकाळी बंद करून येता. अठ्ठावीस वर्षं ज्या भिंतीपाशी रांग लागायची तिथं!

थू. काय माणसं आहेत. ज्याच्या टॅक्सीचा हॉर्न तुम्ही त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी जेवणाचं ताट सोडून जोडून दिला होता, तोसुद्धा गेला असेल. गेला ना?

आणि तुम्ही अजून केशवापूरला जाता. हाक मारली की जाता. पेपर घेऊन जाता की नाही ते अक्कानं लिहिलं नाही, मी विचारतही नाही. अप्पा, जाऊ नका. ते वकील ती गाडी बैलगाडीसारखी चालवतात. चाळीसच्या वर काटा गेला की त्यांचं तोंड सुकतं. इंजिन झिजेल म्हणून ॲक्सिलेटरला पायाचा अंगठा फक्त लावतात. असल्या माणसानं असली गाडी घ्यायचीच कशाला? गल्लीतल्यांनी बघावी म्हणून. मग बघतायत की, ढकलताना.

पद्माक्का, तू शेवटी बारीक अक्षरात विचारलंस, "तू काही केलं नव्हतंस ना रे?" मला त्याचा राग आला. अप्पांनी सांगितलं तेवढंच मी केलं. सगळे बल्ब काढून एलईडी बसवले, अप्पांनी सांगितले तसे. एवढ्या लांब येऊन मरमर मरायचं आणि वर घरातूनच चोर ठरायचं. परत असं विचारू नकोस.

(ही शेवटची ओळ मनात वाच.)

यशपाल


शारजा, शुक्रवार, १७ नोव्हेंबर २००६

अप्पा,

पत्र लहान आहे. हाताला फोड आलेत.

गॅरेजात एक गाडी आली होती, वकिलांच्या गाडीची जुळी बहीण म्हणा, फक्त रंग काळा. मालकाला मीटरला एलईडी पाहिजे होते. आमच्यातल्या एकानं बसवले. चार दिवसांनी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत परत आली. मालकाच्या पोरानं ज्यानं काम केलं त्याच्या तोंडावर किल्ली फेकली.

आमचा उस्ताद पेशावरकडचा आहे, म्हातारा, दात पडलेले. त्यानं डायनामोला हातच लावला नाही. सरळ मीटर उघडलं, बॅटरीच्या लाल दिव्यामागचा एलईडी उपटला आणि त्या माणसाच्या हातात ठेवला. म्हणाला, "हा दिवा तू बघायचा दिवा समजलास काय रे गाढवा?" मग सगळ्यांना बोलावून सांगितलं. त्या जुन्या पिवळ्या बल्बातनं जो करंट जातो, तोच डायनामोला पहिल्यांदा जागं करतो. एलईडी करंट फार थोडा सोडतो. दिवा पेटतो, पण डायनामो झोपलेलाच. जोरात ॲक्सिलेटर मारला तर तो आपणहून उठतो. हळू चालवलं तर उठत नाही, आणि सगळी गाडी नुसत्या बॅटरीवर चालते, बॅटरी संपेपर्यंत. दिवे मंद होतात आणि बंद.

मग त्यानं जुना बल्ब घातला, गाडी चालू केली, पाय न लावता. लाल दिवा विझला. एवढंच.

तर एकदा वकिलांच्या गाडीचं मीटर उघडून तो बल्ब बघा. कुणीतरी बदलला असेल. मे महिन्यात गाडी आठ दिवस प्रभंजनकडं होती असं अक्कानं लिहिलं होतं. त्याच्याकडं काम करणाऱ्यांना काय कळतं? बघा एकदा.

यशपाल


शारजा, शुक्रवार, २९ डिसेंबर २००६

अप्पा,

पद्माक्का, हे पत्र मोठ्यानं वाच. अप्पा समोर असताना. अव्वा असली तरी चालेल. काही गाळू नकोस. मी कुठंही मनात वाच म्हणून लिहिणार नाही.

तुझं पत्र मी कामावर, गाडीखाली पडून वाचलं. तू लिहिलंस की तू माझं मागचं पत्र अप्पांना वाचून दाखवलंस, बल्बाचं सगळं सांगितलंस, आणि अप्पा म्हणाले, "तो बल्ब हाय तसाच हाय. यशानं हलवलेला नाही. मी त्याला विचारलं होतं. ठेवला म्हणाला." तू म्हणालीस, "एकदा उघडून तर बघा की ओ." तर म्हणाले, "पोरानं ठेवला म्हटलंय. उघडून काय बघू? त्याला खोटं पाडायला?"

मग तुझ्यानं राहवलं नाही म्हणून तू दुकानातनं येताना प्रभंजनला विचारलंस. तो टॅक्सीस्टँडसमोर ओरडला, "परसूला जमेना म्हणून आता माझ्या अंगावर ढकलतो काय? यप्पा, काय दिवस आले!" आणि दुसऱ्या दिवशी अप्पांनी भिंतीपाशीची पेटी डोक्यावर घेऊन घरी आणली, पलंगाखाली सारली, आणि आता उणकलला सर्व्हिस स्टेशनवर गाड्या धुतात. पाइप हातात धरून. चाकाचा चिखल काढतात.

अप्पा, तो बल्ब मी काढला होता.

मी कामाला निघताना तुम्ही सांगितलं होतं, "सगळे निळे कर, पण बॅटरीच्या दिव्याला हात लावू नको." मी विचारलं, "का?" तुम्ही म्हणालात, "ब्याड म्हटलं की ब्याड." लहानपणापासनं हेच कानडीतलं 'नको'. कशाला का म्हणून विचारलं की ब्याड. मला तुमच्या त्या ब्याडचीच चीड यायची. आपली अक्कल नाही, कुणीतरी नको म्हणालं की नको. सगळे निळे बसवले आणि मधे तो एकच पिवळा दिवा. लाल काचेतनंसुद्धा मळका दिसायचा, तोंडातल्या किडक्या दातासारखा. बघवेना. काढला आणि तिथंही एलईडी घातला. तेव्हा मनात काही वाईट नव्हतं, एवढं तरी माना.

मग तुम्ही आलात. पेपर घालून बसलात. दिवसा मीटरचा उजेड कळत नाही म्हणून तुम्ही नेहमी करता तसं काळं घोंगडं काचांवर टाकलं. बाहेर वकील, आत आपण दोघं आणि अंधार. मी किल्ली फिरवली. सगळं निळं झालं. तुमचा शर्ट निळा, हनुवटी निळी. तुम्ही म्हणालात, "लई होतंय रे. काटा दिसावा, ड्रायव्हरचं तोंड दिसू नये. कमी कर." मी बटण फिरवून कमी केलं. थोडंच कमी झालं. मग तुम्ही त्या लाल दिव्याकडं बघत विचारलंत, "बॅटरीचा तसाच ठेवलास नव्हं?"

मी सांगणार होतो. काढलाय, पाहिजे तर परत घालतो, म्हणून तोंड उघडलं होतं. बल्ब माझ्या शर्टाच्या खिशातच होता. दोन मिनिटांचं काम. पण तुम्ही माझ्याकडं वळलात आणि तुमच्याखालचा पेपर वाजला. घोंगड्याखाली एवढा मोठ्यानं वाजला की मला वाटलं बाहेर वकिलांना ऐकू गेला. मला अशी शिसारी आली की तुमच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "ठेवला."

तुम्ही "बरं" म्हणालात. उघडून बघितलं नाही. पेपराची घडी घातलीत, काखेत मारलीत आणि मिरवणुकीला गेलात.

गाडी बंद पडते त्याचं कारण हेच आहे, हे मला जुलैत पहिलं पत्र लिहिताना माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. सप्टेंबरमध्ये अक्कानं विचारलं तेव्हा बल्ब आठवला होता. एवढ्याशा बल्बानं काय होतंय म्हणून मी स्वतःला गप्प केलं. आणि नोव्हेंबरमध्ये तर सगळं कळलंच होतं. 'आमच्यातला एक' म्हणून लिहिलं तो मी. किल्ली माझ्या गालावर बसली, अजून वण आहे. उस्तादानं एलईडी माझ्याच हातात ठेवला. सगळे हसत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर उणकलचं तळं. तरीही मी प्रभंजनचं नाव लिहिलं. तो वाईट माणूस नाही. तो सीटवर बसला त्यात त्याचा काय दोष? वकील बस म्हणाले, तो बसला.

तुम्ही पेपर अंथरता त्याची मला किळस यायची. अजून येते, ते मी खोटं बोलणार नाही. पण तुमच्या दोन गोष्टी मी एकाच पोत्यात भरल्या. पेपर तुम्ही त्यांच्या भीतीनं घेत होता. बल्बाला हात लावू नको हे भीतीचं नव्हतं, कामाचं होतं. मला दोन्ही सारखंच वाटलं. आता या खोलीत बारा जणांत सगळ्यात घाण वास माझा येतो असं वाटतं. नखं कापणारासुद्धा माझ्यापेक्षा बरा. तो वर बसून टाकतो, पण विचारलं तर हसतो, नाही म्हणत नाही.

तर जा. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळेल तो साधा छोटा बल्ब. केशवापूरला जा, मीटर उघडा, घाला, आणि वकिलांना सांगा की माझ्या मुलानं चूक केली आणि माझ्याशी खोटं बोलला. माझं नाव घ्या. यशपाल परसू म्हणून पूर्ण घ्या. पद्माक्का, तू बरोबर जा, नाहीतर अप्पा माझं नाव घेणार नाहीत.

यशपाल


शारजा, शुक्रवार, १६ फेब्रुवारी २००७

अप्पा,

अक्काचं पत्र आलं. आठ पानं. यावेळी मी तिला कादंबरी म्हणून चिडवत नाही.

ती लिहिते, पत्र वाचून झाल्यावर तुम्ही एकच म्हणालात, "परत वाच. घोंगड्यापासनं." तिनं वाचलं. मग तुम्ही बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलंत. जेवला नाहीत. सकाळी सर्व्हिस स्टेशनला न जाता पलंगाखालनं पेटी ओढलीत.

केशवापूरला वकील म्हणाले, "आता काय राहिलंय परसू? सगळं खोलून झालं की तुझं."

"एक बल्ब राहिलाय साहेब."

दहा मिनिटं लागली म्हणे. तुम्ही गाडी चालू केलीत, ॲक्सिलेटरला पाय न लावता. लाल दिवा विझला. तसेच हळूहळू नवनगरपर्यंत जाऊन आलात, वकिलांच्या चालीनं, आणि तो पेटला नाही. वकिलांनी विचारलं, "मग चूक कुणाची होती?" आणि तुम्ही म्हणालात, "माझी. सांगितलं, पण बघितलं नाही."

हे वाचून माझं डोकं परत फिरलं. मी नाव लिहून दिलं होतं ना? अक्का बरोबर होती ना? का घेतलं नाहीत? माझी चूकसुद्धा मला मिळू देत नाही तुम्ही. ती ओळ मी रात्री पाच-सहा वेळा वाचली आणि प्रत्येक वेळी कागद फाडावासा वाटला. मग सकाळी मीच दोन पानं लिहिली, प्रभंजनला. सोबत आहेत. पद्माक्का, ती त्याला दुकानात देऊ नकोस. स्टँडवर टॅक्सीवाले चहाला जमतात तेव्हा नेऊन दे आणि म्हण, मोठ्यानं वाच. त्याचा आवाज मोठा आहे, चांगलं वाचेल.

तुमचा निरोप अक्कानं वेगळ्या ओळीत, तुमच्या शब्दांत लिहिलाय. "त्याला सांग, का ते मलाबी ठाऊक नव्हतं. माझ्या उस्तादानं ब्याड म्हटलं म्हणून ब्याड. त्यानं विचारलं तेव्हा ठाऊक नाही म्हणायला पाहिजे होतं." अप्पा, ठाऊक नाही म्हणाला असतात तरी मी कदाचित काढलाच असता. मला माझा भरवसा नाही. पण आता मला ठाऊक आहे. डायनामो कसा जागा होतो ते मी तुम्हाला चित्र काढून पाठवतो. उस्तादानं जमिनीवर खडूनं काढलं होतं तसं.

आता शेवटचं. अक्कानं हे आठव्या पानावर, अगदी खाली लिहिलंय. तिला पण ते काय आहे कळलं नसावं.

बल्ब बसवून झाल्यावर तुम्ही काचांवर घोंगडं टाकलंत. वकिलांना स्वतः बघायचं होतं, लाल दिवा विझतो की नाही. ते शेजारच्या सीटवर बसायला आले. तेवढ्यात तुम्ही काखेतला पेपर काढलात. म्हणजे नेला होतात! तो उघडलात, त्या शेजारच्या सीटवर पसरलात, हातानं सरळ केलात आणि म्हणालात, "बसा साहेब. इथं मी पाने-पक्कड ठेवले होते, तेल लागलंय. पँट खराब होईल." आणि तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसलात. पांढऱ्या कातड्यावर, तसेच.

अक्का घोंगड्याबाहेर उभी होती. ती लिहिते, आतनं बराच वेळ पेपर वाजत होता. वकील सारखे हलत होते म्हणे. तुमचा आवाज एकदाच आला, "हलू नका साहेब, दिवा दिसत नाही."

हे मी खोलीत वाचलं आणि एवढ्या मोठ्यानं हसलो की वरच्यानं नखं कापायचं थांबवलं. मग हसता हसता काय झालं कोण जाणे, बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसलो. तिथला वास तुम्हाला सांगत नाही.

आता पेटी भिंतीपाशी गेली की परत पलंगाखाली, ते अक्कानं लिहिलं नाही. मी तिला विचारणार नाही. तुम्हालाच विचारीन. दोन मार्चला, शुक्रवारी, तुमच्या दुपारच्या बारा वाजता अक्काच्या मोबाइलवर फोन करतो. झोपलेत म्हणून सांगू नका.

जास्त बोलणार नाही. सीटवर तेल खरंच लागलं होतं का, एवढंच विचारायचं आहे.

यशपाल